धाकटे मुक्तिबोध कुठे मिळतील?

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, पुस्तकांचे तीन ढीग लावून ठेवले होते. निर्लेखनाचे. म्हणजे जी पुस्तकं फाटली, वाळवीने खाल्ली किंवा वर्षानुवर्षं कुणी घरी नेली नाहीत, ती दाखल नोंदवहीतून कमी करायची. मधल्या ढिगात वरून चौथं पुस्तक ‘क्षिप्रा’ होतं, शरच्चंद्र मुक्तिबोधांची कादंबरी. कणा खाकी पट्टीने चिकटवलेला, पानं चहाच्या रंगाची, कडा बोट लागलं की चुरा होणाऱ्या. मागच्या पुठ्ठ्याला आतून डकवलेली तारखेची चिठ्ठी पाहिली. वरचे शिक्के दाटीवाटीने पडलेले, एकेका महिन्यात दोन-दोन. मग हळूहळू अंतर वाढत गेलेलं. शेवटच्या शिक्क्याखाली अर्धी चिठ्ठी कोरी.

मी ग्रंथपाल मॅडमना विचारलं, हे का काढताय? त्या म्हणाल्या, “सर, हे कुणी मागतच नाही. मुक्तिबोध म्हटलं की पोरं हिंदीच्या कपाटाकडे जातात.”

त्यांचं खरं होतं. हिंदीच्या कपाटात हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध होते, नव्या बांधणीचे, कोपरे वापरून मऊ झालेले. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध, मराठीतले कवी आणि कादंबरीकार, खिडकीखालच्या ढिगात होते. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. एकाच घरात वाढलेले, एकाच मार्क्सवादी विचाराने झपाटलेले दोन भाऊ. दोघांनीही कविता लिहिली, कथात्म गद्य लिहिलं, समीक्षा लिहिली. एका भाषेने एकाला डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या भाषेने, म्हणजे आपल्या भाषेने, दुसऱ्याला हातातून निसटू दिलं. असं का झालं? माझं उत्तर सरळ आहे. लेखकाला जिवंत ठेवण्याचं काम आपण पुरस्कारांवर, जयंत्यांवर आणि ‘काळ ठरवेल’ या समजुतीवर सोडून दिलं. ते काम खरं तर संपादकाचं, छापखान्याचं आणि ग्रंथालयाचं आहे, आणि ते सार्वजनिक पैशाने व्हायला हवं.

आधी त्या घराविषयी. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात. नोकरी बदलीची, त्यामुळे मुलांची गावं बदलत राहिली. थोरला गजानन 1917 साली श्योपूरला जन्मला, शरच्चंद्र 1921 साली इंदूरला. पुढे उज्जैन या घराला जवळचं झालं. घरात मराठी बोलली जाई, बाहेर माळव्याची हिंदी. आई पार्वतीबाई हिंदी मुलखातल्या. त्यांना प्रेमचंद आवडत आणि हरिभाऊ आपटेही. ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका बाईच्या वाचनात प्रेमचंद आणि हरिभाऊ शेजारी शेजारी होते, आणि तिच्या दोन मुलांनी जणू ती दोन पुस्तकं आपापसांत वाटून घेतली. थोरला हिंदीत गेला, धाकटा मराठीत राहिला.

1950 च्या आसपास दोघंही नागपुरात होते. तेव्हाचं नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी, हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांची. गजानन माधव तिथे सरकारी माहिती खात्यात, मग आकाशवाणीवर, मग ‘नया खून’ या साप्ताहिकात. शरच्चंद्र मराठीचे प्राध्यापक झाले आणि नागपूरचेच होऊन राहिले. 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला. दोनच वर्षांनी थोरले राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला गेले. नकाशावरची रेघ अशी या घराच्या मधून गेली. रेघेच्या पलीकडचा भाऊ आज अखिल भारतीय आहे. अलीकडचा भाऊ स्वतःच्याच राज्यात परका झाला आहे.

आता थोरल्यांचं जिवंतपणीचं आयुष्य बघा. पैशाची ओढाताण कायमची. 1943 साली अज्ञेयांनी काढलेल्या ‘तार सप्तक’ या सात हिंदी कवींच्या संग्रहात कविता आल्या, पण कवितेचं स्वतंत्र पुस्तक त्यांच्या हयातीत निघालंच नाही. त्यांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर 1962 साली मध्यप्रदेश सरकारने बंदी घातली. 1964 च्या सुरुवातीला ते अंथरुणाला खिळले, आधी भोपाळ आणि मग दिल्ली असे उपचार झाले, आणि 11 सप्टेंबर 1964 रोजी बेशुद्धीतच गेले. वय सत्तेचाळीसही पूर्ण नव्हतं. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही.

धाकट्यांचं मात्र रूढ अर्थाने ठीक चाललं. प्राध्यापकी होती. ‘नवी मळवाट’ हा पहिला कवितासंग्रह 1949 साली आला, ‘यात्रिक’ 1957 साली. मधे 1954 साली ‘क्षिप्रा’, पुढे 1962 साली ‘सरहद्द’ आणि 1969 साली ‘जन हे वोळतु जेथें’, अशी तीन भागांची सलग कादंबरी पूर्ण झाली. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1984 साली ते गेले.

पुस्तकं हयातीत निघाली. पुरस्कारही मिळाला. लेखकाला जे जे मिळावं म्हणून आपण भांडतो, त्यातलं बरंचसं धाकट्या भावाला मिळालं होतं आणि थोरल्याला नाही. तरी आज ढिगात कोण आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून पुरस्काराने लेखक टिकतो यावरचा माझा विश्वास उडाला आहे. पुरस्कार ही त्या वर्षीची बातमी असते, शाल आणि मानपत्र असतं. ते लेखकाला हवंच, त्याच्या घरच्यांना हवंच. पण पंचवीस वर्षांनी एखाद्या मुलाला कविता वाचाविशी वाटली, तर त्या मानपत्राचा त्याला काडीचा उपयोग नाही. त्याला पुस्तक हवं असतं.

थोरल्यांचं काय झालं? ते दिल्लीत बेशुद्ध पडले होते तेव्हा मित्र आणि तरुण कवी जागे होते. त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाने काढला, कवी शमशेर बहादुर सिंहांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुढची सोळा वर्षं कागद गोळा होत राहिले: हस्तलिखितं, पत्रं, मासिकांत विखुरलेले लेख, अर्धवट राहिलेल्या कथा. 1980 साली सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’, म्हणजे त्यांचं समग्र लेखन, आली. संपादक नेमिचंद्र जैन, म्हणजे ‘तार सप्तक’मधलेच सहकवी आणि आयुष्यभराचे मित्र. त्याच वर्षी मणी कौल यांनी त्यांच्या लेखनावरून ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. सहा खंडांमुळे शिक्षकाच्या हाताशी पाठ आला, संशोधकाला तारखा मिळाल्या, अनुवादकाला विश्वासाने उभं राहायला जागा मिळाली. गजानन माधवांची प्रतिभा मोठी होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या प्रतिभेला भिंती आणि छप्पर बांधून दिलं ते मित्रांच्या कष्टांनी. काळाने आपणहून काहीही केलं नाही.

‘जे चांगलं असतं ते टिकतंच’ हे वाक्य मी आता कुणाला सहज बोलू देत नाही. ज्या जुन्या ग्रंथांच्या बळावर आपण मराठीचं वय सांगतो, ते तरी असेच टिकले का? ‘लीळाचरित्र’ टिकलं, कारण महानुभावांनी पिढ्यानपिढ्या त्याच्या नकला केल्या, मठांतून जपल्या, गुप्त लिप्यांत लिहून ठेवल्या. तेल जळालं, डोळे गेले, बोरू झिजले, तेव्हा तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सगळ्यांनी आनंद केला, मीही केला. पण तो दर्जा ज्यांच्यामुळे मिळाला, त्या अनाम नकलाकारांचं काम आज कोण करतंय? तेराव्या शतकातला ग्रंथ जपणाऱ्या भाषेला 1954 सालची कादंबरी जपता येऊ नये, ही गोष्ट मला मनापासून टोचते.

मी ‘क्षिप्रा’ घरी आणली आणि चार रात्रींत वाचली. नंतर पुढचे दोन भाग शोधायला निघालो. तीन दुकानांत विचारलं. एका ठिकाणी संगणकावर नाव टाकून थोरल्यांची यादी दाखवली. दुसऱ्या ठिकाणी “आउट ऑफ प्रिंट असेल” एवढंच उत्तर. तिसऱ्या ठिकाणचे वयस्क गृहस्थ मात्र क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बिशूची गोष्ट ना? फार वर्षांपूर्वी होती आमच्याकडे.” त्यांना नायकाचं नाव आठवत होतं. प्रत नव्हती.

बिशूची गोष्ट. माळव्यातल्या मराठी मध्यमवर्गात वाढणारा एक मुलगा, आणि पुढे 1942 च्या चळवळीच्या धगीत सापडलेला एक तरुण. आपल्याला कादंबरीतला मराठी तरुण म्हटलं की पुणं, मुंबई किंवा एखादं खेडं डोळ्यांपुढे येतं. क्षिप्रेच्या काठचं, संस्थानी राजवटीतलं, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी असं हे जग फार थोड्या मराठी कादंबऱ्यांत आहे. तिथे मराठीपण ही जन्मजात मिळालेली निवांत गोष्ट नाही, रोज दाराबाहेर पाऊल टाकताना ती सोबत घ्यावी लागते. आज लाखो मराठी माणसं महाराष्ट्राबाहेर असं आयुष्य जगत असताना ही कादंबरी जुनी कशी म्हणायची?

तिच्यात दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. लेखक विचारवंत आहे आणि त्याचा विचार गोष्टीच्या पुढे धावतो. बिशूच्या मनाची उलघाल काही ठिकाणी इतकी लांबते की खोलीतली बाकीची माणसं वाट पाहत उभी राहिल्यासारखी वाटतात. कवितेतही काही जागी घोषणेचा आवाज चढतो. पण या लेखकाला सुटं सुटं वाचण्यात खरी चूक होते, आणि माझ्या आग्रहाचं मूळ तिथेच आहे.

त्यांच्या पुस्तकांची नावं एका ओळीत ठेवून बघा. नवी मळवाट. यात्रिक. क्षिप्रा. सरहद्द. जन हे वोळतु जेथें. वाट, वाटसरू, नदी, सीमा आणि शेवटी वळणारा जनसमूह. वीस वर्षांचं लेखन, आणि प्रत्येक नावात चालणं आहे. मळवाट म्हणजे मुळात जुनी, असंख्य पावलांनी तुडवून तयार झालेली वाट. ‘नवी’ मळवाट म्हणताना कवी एकट्याने झाडीतून काढलेल्या पायवाटेबद्दल बोलत नाही. नवी असूनही जिच्यावरून पुष्कळांनी चालावं, अशी वाट त्याला हवी आहे. एकट्याचं धाडस त्याला पुरेसं वाटत नाही. आणि वीस वर्षांनी तिसऱ्या कादंबरीच्या नावात ‘वोळतु’ हे संतांच्या मराठीतलं क्रियापद येतं. मार्क्सवादी म्हणून ओळखला जाणारा हा लेखक लोकांच्या वळण्याबद्दल बोलायला जुन्या मराठीकडे जातो. एकटा माणूस समूहात मिसळताना स्वतःला हरवतो की सापडतो, हा त्यांचा प्रश्न. तो कवितेत विचारला, कादंबरीत जगून पाहिला आणि समीक्षेत त्याचं उत्तर मांडायचा प्रयत्न केला.

ते उत्तर म्हणजे ‘मानुषता’. मराठी समीक्षेत मर्ढेकरांनंतर सौंदर्य म्हणजे काय, कलाकृतीचा घाट म्हणजे काय, यावर भरपूर आणि चांगली चर्चा झाली. मुक्तिबोधांनी त्या चर्चेत ठामपणे सांगितलं की साहित्याचं मूल्य केवळ सौंदर्यमूल्यात बसवता येत नाही, साहित्य माणसाच्या माणूसपणाशी बांधलेलं आहे. हा शब्द त्यांनी ग्रंथालयात बसून घडवलेला नाही, बिशूबरोबर पंधरा वर्षं चालून त्यांना तो मिळाला आहे. म्हणूनच दलित साहित्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा या प्राध्यापकाने परीक्षकाच्या खुर्चीत बसून गुण दिले नाहीत. दलित साहित्य म्हणजे काय या प्रश्नावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला आणि लेखकाच्या जाणिवेला मध्यभागी ठेवलं. तो लेख अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या इंग्रजी संकलनातही आहे. आता कल्पना करा, एखाद्या विद्यार्थ्याला समीक्षाग्रंथ मिळाला आणि कादंबऱ्या मिळाल्या नाहीत. त्याला ‘मानुषता’ हा परीक्षेत लिहायचा एक पारिभाषिक शब्द वाटणार. दुसऱ्याला दोन-चार कविता एखाद्या प्रातिनिधिक संग्रहात भेटल्या, त्याला हा एक ओजस्वी डाव्या वळणाचा कवी वाटणार, नव्या कवितेच्या यादीतला पाचवा-सहावा. दोघांनाही मुक्तिबोध भेटलेच नाहीत.

म्हणून मागणी एकाच सुट्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची नाही. मागणी समग्र वाङ्मयाची आहे. सगळ्या कविता कालक्रमाने, तिन्ही कादंबऱ्या एकत्र, समीक्षा, पत्रं, मासिकांत राहून गेलेलं लेखन. आवृत्त्यांतले फरक नोंदवलेले, शेवटी सूची. आणि परवडेल अशी किंमत. शरच्चंद्र मुक्तिबोध हे मी हाताशी असलेलं उदाहरण घेतलं. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशी चार नावं येतील याची मला खात्री आहे.

खाजगी प्रकाशकाकडे बोट दाखवणं मला पटत नाही. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती संपायला वर्षं लागतात, गोदामाचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. पाच खंडांचं समग्र वाङ्मय काढून दहा वर्षं विकत बसायचं, ही अपेक्षा घर चालवणाऱ्या माणसाकडून कशी करायची? हे काम व्यापाराचं नाहीच. रस्ता, धरण, शाळा यांच्या रांगेतलं ते काम आहे.

सरकारी कामावर लोकांचा विश्वास नाही, हे मला माहीत आहे. मी हा मुद्दा मांडला की पहिला प्रश्न हाच येतो. पण महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर उत्तर आपल्या कपाटातच आहे. महात्मा फुले यांचं समग्र वाङ्मय 1969 साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलं. संपादक होते धनंजय कीर आणि स. गं. मालशे. त्यानंतर फुले कार्यकर्त्याच्या झोळीत आले, विद्यार्थ्याच्या टेबलावर आले, खेड्यातल्या वाचकाच्या उशाशी आले. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पहिला खंड 1979 साली राज्य सरकारने काढला, आणि त्यामागे वसंत मून या एका माणसाची हयात खर्ची पडली. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात आंबेडकरांवर काम करणारा माणूस याच खंडांचा हवाला देतो. कागद सरकारचा होता, निष्ठा संपादकाची होती. ही जोडी जमली तेव्हा मराठी समाजाचं विचारविश्व बदललं. आणि ती सुटली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याची दखल 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. ग्रंथांची छपाई अडली म्हणून न्यायालयाने लक्ष घातलं, म्हणजे हा सार्वजनिक प्रश्न आहे यावर शिक्कामोर्तबच झालं.

फुले आणि आंबेडकर हे युगपुरुष, एका कवी-कादंबरीकाराला त्यांच्या पंगतीला बसवता का, असंही कुणी विचारेल. पंगतीचा प्रश्नच नाही. युगपुरुषांचं लेखन छापलं नाही तर लोक रस्त्यावर येतील. मध्यम प्रसिद्धीच्या, अवघड, गंभीर लेखकासाठी कुणी रस्त्यावर येत नाही. ज्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, त्याच्यासाठीच तर व्यवस्था लागते.

ग्राहक कुठून येणार? ग्राहक आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात 11 हजारांहून अधिक ग्रंथालयांना मान्यता आहे. त्यांतल्या चौथ्या हिश्शाने जरी एकेक संच घेतला, तरी पावणेतीन हजार संच होतात. मराठीत गंभीर पुस्तकाची एवढी मोठी आवृत्ती आज कोण काढतं? अनुदानाचा काही भाग समग्र वाङ्मयासाठी राखून ठेवला, तर नवीन खातं काढावं लागणार नाही. ग्रंथालयांचं अनुदान वेळेवर आणि पुरेसं मिळत नाही हे दुखणं जुनं आहे, आणि सेवकांच्या तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न माझ्या या मागणीच्या आधी सुटला पाहिजे, हेही मला मान्य आहे. पण मिळणाऱ्या पैशात काय घ्यायचं, हा प्रश्न उरतोच.

मग हक्कांचा पेच. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. 1992 पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. त्यामुळे गजानन माधवांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन 1 जानेवारी 2025 पासून सर्वांसाठी खुलं झालं, मरणोत्तर आलेल्याचा हिशेब वेगळा. शरच्चंद्रांचं लेखन 2044 संपेपर्यंत बांधलेलं राहील. ज्याची रचनावली पंचेचाळीस वर्षांपूर्वीच झाली तो आधी मोकळा झाला, आणि ज्याला छापणाऱ्याची गरज आहे त्याला अजून जवळपास दोन दशकं थांबायचं आहे. वारसांचा हक्क मला मान्य आहे. लेखकाच्या घरी आयुष्यभर काटकसर झालेली असते, त्याचं चीज व्हायलाच हवं. म्हणूनच सरकारने वारसांना एकरकमी आणि सन्मानाने मोबदला देऊन हक्क घ्यावेत, असं माझं म्हणणं आहे. लेखकांची नावं वाचकांनी, अभ्यासकांनी आणि ग्रंथपालांनी सुचवावीत. जिथे हक्कदार पुनर्मुद्रणाला नकार देऊन पुस्तक लोकांपासून रोखून धरतो, तिथे सक्तीच्या परवान्याची तरतूद कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे. ती वापरायची वेळ क्वचित येईल. बहुतेक घरांत वडिलांचं पुस्तक पुन्हा निघावं म्हणून लोक आसुसलेले असतात, त्यांना विचारायला कुणी जात नाही एवढंच.

विद्यापीठांबद्दलही बोललं पाहिजे. ज्या लेखकावर प्रबंध लिहिले जातात, त्याचा विश्वासार्ह पाठ उपलब्ध नाही, अशी अवस्था मराठीत नवी नाही. विद्यार्थी एका प्रबंधातलं अवतरण उचलून दुसऱ्या प्रबंधात ठेवतो, मूळ पुस्तक त्याने पाहिलेलं नसतं, आणि दोष त्याचा नसतो. पाठसंपादन हे संशोधनच आहे. कुणी तीन वर्षं खपून एका कवीच्या कवितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तर तिला पीएच.डी.चा मान का देऊ नये? नव्या नव्या ‘दृष्टिकोनांतून अभ्यास’ यापेक्षा मराठीला त्याची गरज जास्त आहे.

थोरल्या मुक्तिबोधांचा आपल्याला अभिमान वाटतो. मराठी घरातला मुलगा हिंदीचा एवढा मोठा कवी झाला, हे आपण दिल्लीत, भोपाळमध्ये सांगतो. मलाही ते सांगताना बरं वाटतं. पण थोरल्यांचं जे करायचं ते हिंदीने केलं. सहा खंड काढले, राजनांदगावला स्मारक उभारलं, सागरच्या विद्यापीठात त्यांच्या नावाचं सृजनपीठ झालं. आपल्या वाटणीला आलेला भाऊ वेगळा आहे. हरिभाऊंचं पुस्तक उचलणारा, नागपुरात राहून मराठी शिकवणारा, ‘नवी मळवाट’ लिहिणारा.

पुस्तक परत करायची मुदत शुक्रवारी संपत होती. मी गुरुवारी गेलो. मॅडमना विचारलं, हे पुन्हा त्या ढिगात जाणार का? त्यांनी मागची चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. कोऱ्या अर्ध्या भागात जांभळ्या शाईचा ताजा शिक्का होता, माझ्या नावावर पडलेला. “दिलं-घेतलं गेलेलं पुस्तक यादीत धरत नाही आम्ही,” त्या म्हणाल्या, “निदान पुढची काही वर्षं तरी.” माझ्याबरोबर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली होती. तिने आपलं कार्ड पुढे केलं. मॅडमनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि पहिल्याच्या खाली दुसरी तारीख उमटवली.